जुनी बुलेट बांधून लांब पल्ल्याला: रस्त्यावर काय दुरुस्त होतं आणि काय घरूनच करून निघावं

तांबडीमाती (डिचोली)

फोटोंच्या धाग्यावर गाडी टाकल्यापासून व्यनि (खाजगी निरोप) येतायत की एवढी जुनी गाडी घेऊन हंपीला गेलातच कसे आणि वाटेत कितीदा ढकललीत. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो. फोटो कमी आहेत, ग्रीस जास्त आहे.

गाडी सत्तरच्या दशकातली बुलेट ३५०. बिडाचं इंजिन, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. नंबर अजून 'जीडी' मालिकेतला, गोवा-दमण-दीव एकत्र होते तेव्हाचा. वाळपईला मामाच्या पडवीत लाकडांखाली पडून होती. कागद मात्र मामाने जपले होते, नाहीतर हा धागा निघालाच नसता.

बांधणीबद्दल थोडक्यात. बोअर करून पहिला ओव्हरसाइज पिस्टन घातला, बिग एंडचं बेअरिंग बदललं, व्हॉल्व्ह ग्राइंड केले, दोन्ही चाकांच्या तारा नव्या. इंजिन मिस्त्रीने बांधलं, पण पाना माझ्या हातात होता. तो बोट दाखवायचा, मी आवळायचो. त्यामुळे काम दुप्पट लांबलं आणि मिस्त्री वैतागला. तरी माझं मत असं की लांब जायचं असेल तर गाडी अशीच बांधावी. या गाडीवर जुने इंग्लिश आट्याचे बोल्ट आणि पुढे कोणीकोणी घातलेले मेट्रिक बोल्ट यांची खिचडी असते. मेट्रिक पाना जुन्या बोल्टवर नेमका बसत नाही, जोर लावला की डोकं गोल. कुठे कुठला पाना लागतो हे बांधतानाच लिहून ठेवलं आणि तेवढेच पाने बरोबर घेतले. पन्नास पान्यांची पेटी न्यायची गरज पडली नाही.

रंगकामाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. फ्रेमला पावडर कोटिंग केलं की गाडी दिसते झकास, पण सगळीकडची अर्थिंग मरते. हॉर्न रडतो, दिवा मंद, स्पार्क कधी आहे कधी नाही. कॉइलच्या बुडाखालचा रंग खरवडा आणि बॅटरीच्या अर्थिंगपासून इंजिनापर्यंत एक स्वतंत्र जाड वायर टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

रस्ता: साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी, बेळगाव, धारवाड, हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट. परतीला चित्रदुर्ग, शिमोगा, तीर्थहळ्ळी, आगुंबे आणि खाली उतरून उडुपीहून किनाऱ्याने कारवार, पोळें. टाकी गोव्यातच काठोकाठ भरून घेतली, शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा आपल्याकडे पेट्रोल स्वस्त हे सांगायला नको.

चोर्ला सकाळी लवकर चढलो. बिडाचं इंजिन तापलं की उशिरा थंड होतं, म्हणून घाटात घाई नाही, दुसऱ्या-तिसऱ्यावर आपली धुकधुक करत वर. काही झालं नाही. झालं ते गदगच्या पुढे. दुपारचं ऊन, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना काळी माती, झाड औषधाला नाही. गाडी मिसिंग मारायला लागली, फटाके फोडले आणि बंद. थोडं थांबून किक मारली तर चालू. पाच-सात किलोमीटर गेली की परत तेच.

आता इथे बरेच जण कार्ब्युरेटर उघडून बसतात. मी ठरावीक क्रमाने जातो. आधी टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं भोक बुजलं असेल तर आत निर्वात होतो आणि पेट्रोल उतरत नाही, उघडताना 'हुस्स' ऐकू येतं. आवाज नाही. पाइप काढून बघितला, पेट्रोल धारेने येतंय. मग ॲम्पिअर मीटर, म्हणजे बॅटरीतून किती करंट जातो-येतो ते दाखवणारा काटा. जुन्या बुलेटवरचं हे सगळ्यात उपयोगी यंत्र आणि लोक ते शोभेचं समजतात. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबत न्यायची. पॉइंट, म्हणजे उघडमीट करून प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे संपर्क, मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर वायर तुटली किंवा पॉइंट मिटत नाहीत. उणेवर चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. माझा काटा नीट झुलत होता, म्हणजे पॉइंटपर्यंत सगळं ठीक.

पॉइंटचं झाकण काढलं, बोटाने पॉइंट उघडून बघितले. बारीकशी ठिणगी दिसली तर चालतं. इथे जाड, निळी-पांढरी ठिणगी फटफट उडत होती आणि पॉइंटची तोंडं काळी पडली होती. कंडेन्सर (पॉइंटवरची जादा ठिणगी गिळणारी छोटी डबी) गेला, दुसरं काही नाही. गार असताना काम करतो, तापला की दगा देतो, ही त्याची जुनी खोड.

कंडेन्सर बांधणीत घातलेला, कोरा करकरीत होता. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, सध्या बाजारातल्या बऱ्याच डब्यांत तोच माल असतो. त्याच्या जागी घातला तो मामाच्या पडवीतला, गाडीबरोबर आलेला जुना. त्यानंतर घरी येईपर्यंत तक्रार नाही.

आणि हीच गोष्ट सांगायला धागा काढला. पाकीटबंद नवा सुटा भाग स्पेअर म्हणून नेऊ नका. आधी गाडीवर बसवा, डिचोली-पणजी-म्हापसा काही आठवडे चालवा, तापवा, पावसात भिजवा. टिकला की काढा आणि तो पिशवीत टाका. कंडेन्सर, पॉइंट, प्लग, कॉइल, क्लच केबल, सगळ्याला हाच नियम. माझ्या पिशवीत निघताना एकही नवा भाग नव्हता. मी तो जुना कंडेन्सर फेकायला निघालो होतो, मिस्त्रीने हात धरला, "चालवून बघ आधी." तो गोव्यातच चालवून बघितलेला होता, म्हणून गदगला हात थरथरला नाही.

बाकीच्या भानगडी किरकोळ. शिमोग्याच्या अलीकडे क्लचची केबल लिव्हरपाशी तुटली. निघतानाच दुसरी केबल जुनीच्या शेजारून टेप मारून टाकून ठेवली होती, दोन्ही टोकं मोकळी. टाकी सोडवायला नको, काही नको, चहा येईपर्यंत जोडून झाली. आगुंब्याचा घाट उतरताना चौदा वळणं आहेत, तिथे ड्रम ब्रेकवर भरवसा ठेवू नका. वरूनच दुसरा गिअर टाका आणि इंजिनाने गाडी रोखा, नाहीतर खाली पोचेपर्यंत लिव्हर हँडलला टेकतो. मरवंतेला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मधून रस्ता. तिथे काहीही दुरुस्त केलं नाही, मुद्दाम थांबलो.

विचारा काय विचारायचं ते.


किकबॅक (फोंडा)

वाचनखूण साठवली. ॲम्पिअर मीटरचा परिच्छेद छापून गॅरेजात चिकटवणार.

एक भर. तुमच्या गाडीत बसणारा कंडेन्सर मिळालाच नाही तर कुठल्याही पॉइंटवाल्या जुन्या गाडीचा चालतो. ॲम्बॅसेडर, जुनी जीप, काहीही. क्षमता साधारण सारखीच असते, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास. आत बसत नसेल तर बाहेर लावा. वायर पॉइंटच्या टर्मिनलला, अंग रंग खरवडलेल्या फ्रेमला आवळून. दिसतं भिकार, पण घरापर्यंत आणतं. उलट बाहेर हवेत असल्याने तापत नाही. मी तर कायमचाच बाहेर ठेवलाय.


शून्यरंग (पर्वरी)

लेख छान, पण मूळ मुद्दा कळला नाही. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा की. पॉइंट नाही, कंडेन्सर नाही, घासणं नाही. माझ्या गाडीला बसवून वर्षं झाली, परत झाकण उघडलेलं नाही. जुन्या गाडीवर प्रेम असावं, पण जुन्या दुखण्यांवर कशाला?


तांबडीमाती (डिचोली)

@किकबॅक, कायम बाहेरच ठेवायची कल्पना उचलली.

@शून्यरंग, तुमचं चूक नाही. गोव्यात फिरायचं तर मीही तेच सांगेन. पण ते खोकं गेलं की गेलं. पॉइंट मरायच्या आधी दहा वेळा कण्हतात, खोकं एका क्षणात बंद आणि त्याला गदगमध्ये कोणी हात लावणार नाही. पॉइंटचं काम मी जाड व्हिजिटिंग कार्डावर केलंय. फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी, कार्ड जेमतेम सरकलं की त्याच्या जवळपास येते. प्लगच्या फटीला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घाला, तो साधारण ०.६ मिमी जाड असतो. फिलर गेज असेल तर उत्तमच.

इलेक्ट्रॉनिक बसवायचंच असेल तर जुनी पॉइंटची आख्खी प्लेट, टायमिंगची खूण करून, पिशवीत ठेवा. तेवढी तडजोड मला मान्य आहे.


शून्यरंग (पर्वरी)

खूण करून ठेवायचं पटलं. बाकी मी माझ्या मतावर ठाम. :)


दोन_सायलेन्सर (मडगाव)

बुलेटवाल्यांच्या धाग्यात यझदीवाली घुसतेय, माफी असावी.

आमच्याकडे गणित वेगळं. टू-स्ट्रोक, त्यामुळे व्हॉल्व्ह, टॅपेट, पुशरॉड काही नाही, ऑइल पेट्रोलमध्येच. पंपावर पोराला सांगून ऑइल ओतून घ्यायचं तर मोजमाप आपल्याकडे ठेवा. मी लिटरला ४० मिली घालते. आजच्या चांगल्या ऑइलला कमी पुरतं असं सगळे सांगतात, पण घाटात सामान लादून पिस्टन जाम होण्यापेक्षा मागे थोडा धूर परवडला. अर्धी टाकी झाली की आधी ऑइल आणि मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं.

आमचा रस्त्यावरचा शत्रू म्हणजे प्लग. ऑइल-कार्बनचा बारीक मणी दोन टोकांमध्ये अडकतो आणि गाडी चालता चालता गप्प. प्लग काढा, मणी उडवा, परत लावा. त्यामुळे प्लग पाना माझ्या जॅकेटच्या खिशात असतो, पिशवीत नाही. किकचाच लिव्हर पुढे ढकलून गिअर होतो. गॅरेजात नवीन पोरगा असला की तो दहा मिनिटं गिअरचा लिव्हर शोधत बसतो, मी काही बोलत नाही.

तांबडीमाती, तुमच्या यादीत सायलेन्सर साफ करणं नाही, कारण तुम्हाला लागत नाही. टू-स्ट्रोकवाल्यांनी निघायच्या आधी दोन्ही बाजूंच्या नळ्या काढून कार्बन जाळून घ्यावा. मैसूरच्या कारखान्यातून १९९६ नंतर गाड्या आल्या नाहीत, त्यामुळे आहे ते जपणं आलं.


कुळागर (सत्तरी)

ताई, ऑइल आधी की पेट्रोल आधी यावर आमच्याकडे भांडणं झालीत. तुमच्या बाजूने मत नोंदवतो.

धागाकर्त्यांना प्रश्न. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने गाडी उभीच. दरवर्षी टाकीत गंज, कार्ब्युरेटरमध्ये तांबडा कचरा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. काय करता?


तांबडीमाती (डिचोली)

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? पाण्याचं प्रमाण वाढलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि टाकीचं बूड खायला लागतं. मी मेअखेर टाकी आणि फ्लोटचं भांडं पूर्ण रिकामं करतो आणि टाकीत थोडं इंजिन ऑइल घालून सगळ्या बाजूंना फिरवून घेतो. भरून ठेवायची जुनी पद्धत साध्या पेट्रोलला ठीक होती. जुने रबरी पाइप आणि वायसर या पेट्रोलने फुगतात किंवा चिरतात, बांधतानाच इथेनॉल चालणारे घाला. टाकीला आतून लेप दिला असेल तर तोही तपासा, काही लेप सुटून त्यांची सालं कार्ब्युरेटरमध्ये येतात.

आधीचा गंज काढायला व्हिनेगर आणि मूठभर नट घालून टाकी हलवा, रात्रभर ठेवा, मग पाणी आणि खाण्याचा सोडा, लगेच वाळवून ऑइल. वाळवायला वेळ लावलात तर तासाभरात परत तांबडं.


किकबॅक (फोंडा)

व्हिनेगर दुकानातला पांढरा, स्वस्तातला घ्या. माडाचा घरगुती व्हिनेगर टाकीत ओतलात तर आजी घरात घेणार नाही.


कागदपत्र (पणजी)

गाडीबद्दल मला कळत नाही, कागदांबद्दल कळतं. सत्तरच्या दशकातल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडतायत म्हणून लिहितो.

केंद्राने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. ऐकायला छान. पण अशी गाडी नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल, एवढंच. ज्यांना तांबडीमाती यांच्यासारखं फिरायचंय त्यांनी साधी नोंदणीच जिवंत ठेवावी. ती १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून वाढवून घ्यायची.

पावडर कोटिंगचा विषय निघालाच आहे तर, चासी नंबरावर टेप लावल्याशिवाय फ्रेम देऊ नका. नंबर वाचता आला नाही की तपासणीत गाडी अडकते. हे इतक्यांचं होतं की आता सांगून कंटाळा आलाय.


दोन_सायलेन्सर (मडगाव)

हे माहीत नव्हतं. 'व्हीए' पाटीचा मोह होता, गेला. धन्यवाद.


नवशिका (काणकोण)

सगळं वाचलं. भीती वाढली. :( रस्त्यात यातलं काही मला जमलं नाही तर मिस्त्री कसा शोधायचा? मोबाइलवर शोधलं की चकाचक शोरूम येतात, ते जुन्या गाडीला हात लावत नाहीत.


तांबडीमाती (डिचोली)

गोव्यात उत्तर सोपं आहे, पायलटांच्या स्टँडवर जा. पिवळ्या मडगार्डवाल्या मोटारसायकलवर ज्याचं पोट आहे, त्याला गावातला खरा मिस्त्री माहीत असतो आणि तो कधी उठतो, कधी जेवतो हेही. करमल घाटाच्या पायथ्याशी माझी चेन तुटली तेव्हा चेनचं लॉक पायलटानेच डिकीतून काढून दिलं. पैसे घेईना, किक मारू दे म्हणाला. किकने त्याला मागे फेकलं, तोही खूश, मीही खूश.

कर्नाटकात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गाठा. बिडाचं इंजिन, टॅपेट, डिझेल, ग्रीस यात त्याचा हात बसलेला असतो आणि त्याच्याकडे वेल्डिंग असतं. लेथवाला कुठे आहे तेही तोच सांगतो. भाषेची अडचण येत नाही, बंद गाडी बघून कोणालाही कळतं काय हवंय. फक्त तो कामाला लागल्यावर उभे राहा आणि बघा. हातोडा उचलला की थांबवा.


कुळागर (सत्तरी)

हातोड्यावर +१. एक अवांतर, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडच्या टोकाची फट, तुम्ही किती ठेवता? आमचा मिस्त्री फट ठेवतो, दुसरा म्हणतो ठेवूच नको.


किकबॅक (फोंडा)

दुसरा बरोबर. बिडाच्या बुलेटला थंड इंजिनावर शून्य फट, पण पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. गरम इंजिनावर लावायला गेलात तर सगळं चुकतं. सकाळी चहाच्या आधीचं काम आहे हे.


नवशिका (काणकोण)

शेवटचा प्रश्न. पंक्चर?


तांबडीमाती (डिचोली)

मागच्या चाकाला तीन गोष्टी. एक, व्हॉल्व्हची चकती रिमला घट्ट आवळू नका, थोडी सैल ठेवा. ट्यूब सरकली तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि तुम्हाला आधीच कळतं, आवळलेला असेल तर सरळ उपटतो. दोन, बुलेटचं मागचं चाक चेन आणि ड्रम जागेवर ठेवून निघतं, पंक्चरवाल्याला चेन सोडू देऊ नका, त्याला आधी सांगा. तीन, १९ इंची ट्यूब घरूनच न्या. महामार्गावर १७ आणि १८ इंची पटकन मिळतात, १९ क्वचितच. अगदीच अडलं तर १८ची ताणून बसते, पण हळू चालवा आणि पुढच्या मोठ्या गावात बदला.


नवशिका (काणकोण)

नेलेली ट्यूबही आधी चालवून बघायची?


तांबडीमाती (डिचोली)

हो. हवा भरून एक रात्र पाण्याच्या पिंपात. बुडबुडे आले तर दुकानदाराला परत.